एक हात वर

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०१८. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

नव्या नियमावलीच्या मसुद्याचं सातवं कलम टाइप करत होतो, तेव्हा बोआदीचा फोन आला. ‘वोफा गेले.’ एवढंच म्हणाला. 

मी हातातलं वाक्य पुरं केलं. का केलं कळत नाही. ‘मतदानाचा हक्क केवळ पदवीधर सभासदांस राहील.’ पूर्णविराम दिला, आणि मग रडू आलं.

वोफा अंपोन्सेम नात्याने माझे कुणी नव्हते. पण मृदाशास्त्र संघातले आम्ही सगळे सहायक त्यांना मामाच मानायचो, म्हणून वोफा. चाळीस वर्षं त्यांनी शास्त्रज्ञांसाठी खड्डे खणले, मातीचे थर मोजले, नमुन्यांची पोती वाहिली. त्यांनी भांडून सहायकांना संघात मत मिळवून दिलं. मत होतं म्हणून सर्पदंश-निधी झाला. बोआदीला एजुराच्या शेतात साप चावला तेव्हा औषध त्याच निधीतून आलं. नाहीतर आज फोन करायला बोआदी नसता.

नव्या मसुद्यात मतही नाही आणि निधीही नाही. निधी संघाच्या नियतकालिकाकडे वळवलाय. हे सगळं मीच टाइप करतोय! मी संघाचा सहायक सभासद, आणि संघाच्या कचेरीतला कारकूनही. शाळा मधेच सुटली, पण माझं शुद्धलेखन चुकत नाही म्हणून ही खुर्ची मिळाली.

बुधवार, ७ फेब्रुवारी

झोप नाही. मागच्या आठवड्यातली इस्पितळातली भेट आठवते. मी लाइट सूप घेऊन गेलो होतो. दोन चमचे घेतले त्यांनी. मग म्हणाले, “वार्षिक सभा कधी ठरली रे?”

“शनिवार, सतरा मार्च. सकाळी नऊ.”

“आणि त्या दिवशी नियम कुठले चालणार? जुने की नवे?”

“नवे मंजूर होईपर्यंत जुनेच, वोफा.”

“हं,” म्हणाले आणि हसले. हसता हसता खोकला आला. नर्सने मला बाहेर काढलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला त्या दिवसापर्यंत जगायचंय. बरं वाटलं होतं तेव्हा.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज वोफांच्या घरी आठव्या दिवसाची बैठक. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळे काळ्या कापडात. अंत्यविधीची तारीख आज जाहीर होणार होती. देह शवागारातच आहे.

कुटुंबप्रमुख उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, “शनिवार, सतरा मार्च. मांपोंगला, आपल्या गावी.”

आम्ही सहायक एकमेकांकडे बघतच राहिलो. सभेचाच दिवस!

बोआदी उभा राहिला. “आजोबा, माफ करा. दुसरा कुठला शनिवार नाही का? त्याच दिवशी आमची सभा आहे. आमच्या मताचा निकाल आहे.”

“तारीख विधवेने सांगितली,” कुटुंबप्रमुख म्हणाले. “हे नवऱ्याचं मागणं आहे म्हणते. आणि त्याचं आणखी एक म्हणणं – सहायकांनी सगळ्यांनी यायचं. सगळ्यांनी. आता मेलेल्या माणसाशी मी वाद घालू का?”

कोपऱ्यात वोफांच्या पत्नी, मामी सेईवा, मान खाली घालून बसल्या होत्या. 

परतताना ट्रोट्रोच्या गच्च व्हॅनमध्ये बोआदी म्हणाला, “बघ! मरतानाही म्हाताऱ्याला प्रोफेसरांपेक्षा मोठा मांडव हवा! त्यांच्या सभेत चाळीस, याच्या मयताला चारशे!” ट्रोट्रोतले अनोळखी लोकही हसले. मीही हसलो. मग लाज वाटली.

बुधवार, १४ फेब्रुवारी

कचेरीत सांगितलं. सरचिटणीस डॉ. अफ्रिये मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, “फार वाईट झालं. संघातर्फे पुष्पचक्र पाठव. मोठं.”

मी धीर करून विचारलं, “मॅडम, सभा आठवडाभर पुढे नेली तर?”

“तबिरी, आंतरराष्ट्रीय महासंघाचे पाहुणे विमानाने येताहेत. त्यांनी मान्यता दिली तरच आपल्या शास्त्रज्ञांच्या कामाला बाहेर किंमत. आणि त्यांची अटच आहे ना, पदवीशिवाय मत नको. हे कुणाच्या विरुद्ध नाही रे. तुझ्या तर मुळीच नाही.”

त्या वाईट नाहीत. हेच कठीण आहे. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी ओळखीने करून दिलं होतं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

पूर्ण मसुदा आणि जुनी नियमावली शेजारी ठेवून तपासली. एकही चूक नाही. आधी कार्यकारिणीत अकरा जण, त्यात तीन सहायक. आता सात, सगळे पदवीधर. अध्यक्षाची मुदत दोन वर्षांवरून चार. पुढच्या दुरुस्त्या कार्यकारिणीच करणार, सभा बोलवायची गरज नाही. म्हणजे एकदा दार बंद झालं की कडी आतूनच!

आणि आम्ही? आम्ही ‘स्नेही’. स्नेह्यांना सभेच्या दिवशी जेवण आहे.

मंगळवार, ६ मार्च

स्वातंत्र्यदिन. कचेरी बंद. दुपारी केजेटिया बाजाराजवळच्या खानावळीत सगळे सहायक जमलो. फुफूचे गोळे आणि बकऱ्याचं सूप. बोआदीने हिशोब मांडला, बोटांनी टेबलावर सूप सांडत. “आम्ही एकवीस. ते पन्नासच्या वर. दुरुस्तीला लागणारी दोन-तृतीयांश मतं त्यांच्याकडे आहेतच. सगळे गेलो तरी हरणार. मग मयत सोडून हरायला जायचं कशाला?”

“पण कुणीच गेलं नाही तर इतिवृत्तात लिहितील, एकमताने मंजूर,” मी म्हणालो. हे मीच म्हणालो.

 मग एक म्हातारा सहायक म्हणाला, “बरोबर आहे पोराचं. निदान एक हात वर दिसला पाहिजे.”

“तबिरीचा!” बोआदी ओरडला. “त्याला तर तिथे इतिवृत्त लिहायला बसावंच लागणार. वोफा माफ करतील. एक हात वर, तबिरी. आमच्या सगळ्यांचा.” आणि माझ्या पाठीत थाप मारली. तोंडातला घास बाहेर आला.

घरी येताना छाती भरून आली होती. आजवर मला कुणी काही सोपवलं नव्हतं.

शुक्रवार, १६ मार्च

काळं कापड शिवून आलं. सभा दुपारी एकला संपली तर चारपर्यंत मांपोंगला पोहोचेन. दफन तोवर उरकलेलं असेल. पण मांडवात तरी बसेन.

संध्याकाळी अफ्रिये मॅडमचा फोन. “उद्या तू येतोयस ना? नक्की?”

“येतोय, मॅडम.”

“मयताला नाही ना जात आहेस?”

“सभेनंतर जाईन.”

“छान. साडेसातला टॅक्सी पाठवते तुझ्यासाठी.”

टॅक्सी! माझ्यासाठी! आईला सांगितलं तर म्हणाली, “आता मोठा माणूस झालास.”

शनिवार, १७ मार्च

लिहायला बसलोय. अक्षर वाईट येतंय.

सभागृहात मी सगळ्यांआधी. नेहमीसारखी उपस्थितीची वही मांडली, पेनं ठेवली, पहिलं नाव माझं लिहिलं. पांढरा शर्ट, खिशात मयतासाठी शोकाची लाल फीत दुमडून ठेवलेली. मागच्या तीन रांगा रिकाम्या. तिथे आमची माणसं बसतात. तिथून बोआदी दर वर्षी बसल्या जागी शेरे मारतो आणि प्रोफेसर ओदुरो अध्यक्षाच्या खुर्चीतून हसू दाबतात. आज त्या रांगांकडे बघवत नव्हतं.

नऊ वाजून गेले. पाहुणे आले. प्रोफेसर ओदुरोंनी हातोडा वाजवला, वोफांसाठी दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग ते म्हणाले, “जुन्या नियमावलीचं बाविसावं कलम. ‘किमान एक सहायक सभासद उपस्थित असल्याखेरीज नियमांत कोणतीही दुरुस्ती करता येणार नाही.’ हे कलम आपल्या अंपोन्सेमनेच घालून घेतलं होतं, आठवतंय ना?” काही जण हळू हसले. “सरचिटणीस, आज सहायक कुणी आहे?”

अफ्रिये मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. “तबिरी उपस्थित आहे, सर.”

“मग गणपूर्ती झाली.”

मला आधी काही कळलं नाही. मी ‘गणपूर्ती झाली’ असं लिहिलं. लिहून झाल्यावर कळलं.

ते कलम मी तीनदा टाइप केलंय. तीनदा! ‘असल्याखेरीज’ जोडून लिहायचं की तोडून, यावर मी अर्धा दिवस घालवला होता. अक्षरं तपासली. अर्थ पाहिलाच नाही. मी इथे नसतो तर आज काहीच मंजूर होऊ शकलं नसतं. सगळ्यांनी मयताला जायचं, एवढंच पुरे होतं.

उठून जावं असं वाटलं. खरंच उठलो. खुर्ची सरकली, मोठा आवाज झाला. सगळ्यांनी वळून बघितलं. प्रोफेसर ओदुरो मायेने म्हणाले, “काय रे, बरं नाही का? बस, पाणी पी. गणपूर्ती नोंदली गेली आहे, आता तू गेलास तरी सभा चालेल.” कुणीतरी पाण्याची पिशवी हातात दिली. मी बसलो. दाताने कोपरा फाडला, पाणी शर्टावर सांडलं.

मतदान. बाजूने सत्तेचाळीस हात. “विरुद्ध?” मी वर केला. एक पाहुणी बाई माझ्याकडे बघून हसली, कौतुकाने, लहान मुलाकडे बघावं तशी.

इतिवृत्तात मीच लिहिलं: विरुद्ध एक.

जेवणाआधी मॅडमनी पाकीट दिलं. बैठकीचा भत्ता. “तुझा हात वर होता ते मला आवडलं,” म्हणाल्या. “खरंच आवडलं.”

मांपोंगला गेलो नाही. जाववलं नाही.

रविवार, १८ मार्च

मयतानंतरच्या आभाराच्या प्रार्थनेहून परतताना बोआदी आला. पांढरं-काळं कापड, चेहरा उन्हाने उजळलेला. “अरे, काय मयत झालं! माईकवर नावं पुकारली. ‘मृदाशास्त्र संघाचे सहायक – वीस!’ आणि मी खालून ओरडलो, एकविसावा लढाईवर आहे! लोकांनी टाळ्या वाजवल्या तुझ्यासाठी, माहीत आहे?”

टाळ्या.

“हात वर केलास ना?”

“केला.”

“मग झालं तर. बाकी काय आपल्या हातात होतं!”

तोंड उघडलं होतं सांगायला. त्याच्या पोटरीवर सापाच्या दंशाचा जुना व्रण आहे, नेमका तोच दिसला.  त्याला कोको केलं, साखर जास्त पडली.

मंगळवार, २० मार्च

इतिवृत्त स्वच्छ टाइप केलं. चूक एकही नाही.

शनिवार, २४ मार्च

मांपोंगला गेलो. देणगी मामी सेईवांच्या हातात दिली. मांडव उतरवला होता, अंगणात बांबूंची भोकं तेवढी उरली होती.

त्या म्हणाल्या, “तू आला नाहीस रे.”

“सभा होती, मामी. सगळ्यांनीच मला पाठवलं.”

त्यांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, “त्यांनी मला दोनदा वदवून घेतलं होतं. ‘मला सभेच्याच दिवशी मातीत घाल. मयताला गेला म्हणून कुणाला कुणी बोल लावत नाही. एकही पोरगा तिकडे राहता कामा नये, एकही नाही.’ मला वाटलं, म्हाताऱ्याला गर्दी हवीय. म्हणून मोठ्यांना नुसतं सांगितलं, सगळ्यांना बोलवा. का रे, तिकडे काय होतं असं?”

मी म्हणालो, काही नाही, मामी.

खर्च: काळ्या कापडाची शिलाई ४० सेडी, अंगाला लावलं नाही. देणगी १००. ट्रोट्रो येऊन-जाऊन १६.
देणे: देणगीसाठी बोआदीकडून उसने घेतलेले २०.
जमा: बैठकीचा भत्ता ५०. पाकीट फोडलेलं नाही. यातून बोआदीचे फेडायला मन होणार नाही.