वेदांगचे सात हिट

र्युसेल्सहाइम
४ मे २०२५

तीर्थरूप बाबांस,
कुमारचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या कानांनी असहकार पुकारल्यापासून आपला फोन म्हणजे नुसती ओरडाओरड होते आणि वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंना वाटतं, आमच्या घरात भांडण चाललंय. त्यापेक्षा हे बरं. मी ईमेल करतो, उल्का मोठ्या अक्षरांत छापून तुमच्या हातात देते. आधी स्वतः वाचते हेही मला ठाऊक आहे, तेव्हा उल्के, तुलाही दादाचा आशीर्वाद.

इकडे श्पार्गलचा, म्हणजे पांढऱ्या ॲस्परॅगसचा मोसम आहे. अख्खा जर्मनी तो पांढरा दांडा लोण्यात घोळून खातो, तुमच्या सुनेने त्याची गोडा मसाला घालून रस्साभाजी केली. चांगली झाली होती, पण हे इथल्या कोणाला सांगायची सोय नाही.

आता तुमच्या नातवाबद्दल. वेदांग अमेरिकेतून परत आला तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, की सरासरी १९६ असताना त्या लोकांनी पोराला घरी का पाठवलं? मी तेव्हा विषय टाळला. बेसबॉलमध्ये १९६ म्हणजे हजार वेळा बॅट घेऊन उभं राहिलं तर १९६ वेळा फटका लागला, असा हिशेब. म्हणजे वाईटच. २५०ला बरा म्हणतात, ३००ला माना वळतात. आता तो इथल्या बेसबॉल बुंडेसलीगाच्या, म्हणजे सर्वांत वरच्या साखळीच्या क्लबकडून खेळतो. पगार बेताचा, पण हॉलंडच्या एका क्लबला पुढच्या वर्षासाठी फलंदाज हवा आहे, आणि तो खरा, पोटापुरता करार आहे. त्यांचा माणूस जूनअखेरपर्यंत आकडे बघणार. तेविसाव्या वर्षी एवढी एकच खिडकी उघडी आहे, हे वेदांगलाही कळतं आणि मलाही.

आणि हसू नका, मी क्लबचा स्कोअरर झालो! प्रत्येक क्लबला आपला स्कोअरर द्यावाच लागतो, कोणी मिळत नव्हतं, म्हणून मी कोर्स करून जर्मनमध्ये परीक्षा दिली. काम मोठं जोखमीचं आहे. चेंडू मारून फलंदाज सुखरूप बेसवर, म्हणजे पुढच्या ठाण्यावर पोचला, तर तो त्याच्या फटक्यामुळे की समोरच्याच्या गलथानपणामुळे, हे मी ठरवायचं. फटक्यामुळे असेल तर हिट, सरासरी वाढते. गलथानपणामुळे असेल तर एरर, मग पोरगा पोचूनही आकड्यात बाद झाल्यासारखाच. मैदानावरचा पंचसुद्धा यात बोलत नाही. काल वेदांगचा एक चेंडू त्यांच्या माणसाच्या हातातून निसटला. मी एरर दिली आणि रात्रभर तळमळलो. तुम्ही जिल्ह्याच्या सामन्यांना इतकी वर्षं पंच होतात, म्हणून विचारतो, तुम्ही काय दिलं असतं?

चारुलताचा नमस्कार. औषधं वेळेवर घ्या. आमच्यावरचा लोभ आहे तसाच वाढता असू द्या.

तुमचा
कुमार


सांगली
१२ मे २०२५

चि. कुमार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून करमणूक झाली. हा कसला खेळ? क्षेत्ररक्षकाच्या हाताला तूप लागलं म्हणून फलंदाजाला शिक्षा? आमच्या क्रिकेटमध्ये झेल सुटला तर सुटला, धाव ज्याची त्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे.

माझं विचारशील तर शंका असेल तिथे फायदा फलंदाजाला. मी हेच पाळलं आणि अजून मिरजेचे लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. तू काही चोरी करत नाहीस. जरा सढळ हाताने दे. पोरगा धावत जाऊन पोचला ना? मग त्याच्या पदरात घाल आणि झोप.

वेदांगचे ३०० झाले की मला कळव. इथे जिमखान्यात मंडळी रोज विचारतात. सूनबाईला सांग, तो दांडा आमटीत घालून बघ.

उल्का आशीर्वाद पोचल्याचं कबूल करते. बाकी क्षेम. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझा
बाबा


र्युसेल्सहाइम
२२ जून २०२५

ती. बाबांस,
कुमारचा शि. सा. नमस्कार.

घाईत लिहितो. वेदांग ३१८! हॉलंडच्या माणसाने काल हात मिळवला, करार तयार करतो म्हणाला. पोराने आईला उचलून गरागरा फिरवलं. जिमखान्यात सांगायला हरकत नाही.

लोभाची वाढ चालू ठेवावी.

कुमार


र्युसेल्सहाइम
९ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस,
कुमारचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र हाताने लिहून टपालाने पाठवतो आहे. ईमेल केलं असतं तर आधी उल्काने वाचलं असतं, आणि मला ते सोसलं नसतं. अक्षर लागलं नाही तर भिंग घ्या, पण दुसऱ्या कोणाला वाचायला देऊ नका.

बाबा, ते ३१८ खोटे आहेत. पोराने खोटेपणा केला नाही, मी केला. तुम्ही म्हणालात शंका असेल तिथे फायदा फलंदाजाला, आणि आमच्या नियमांतही जवळजवळ तसंच आहे. पण मी जिथे शंका नव्हती तिथे शंका काढायला लागलो. पायातून गेलेला सोपा चेंडू मला अवघड दिसायला लागला. दुसऱ्यांच्या पोरांच्या वेळी मला सगळं लख्ख दिसायचं, वेदांग मारायचा तेव्हाच ऊन डोळ्यांवर यायचं.

२९ जूनच्या रविवारी पाहुण्या संघातलं कोणीतरी ड्रेसिंगरूममध्ये म्हणालं, की बाप स्कोअरच्या टेबलावर असेल तर आपणही ३०० मारू. सगळे हसले. वेदांगही हसला, आणि घरी येऊन घरच्या मैदानावरच्या सगळ्या सामन्यांचे व्हिडिओ बघत बसला. सोमवारी त्याने ते मला न सांगता स्वतःच लीगकडे पाठवले आणि तपासा म्हणून कळवलं. सात हिटच्या सात एरर झाल्या. आता तो २५५ आहे. हॉलंडलाही त्यानेच फोन करून सांगितलं, त्यांना बाहेरून कळायच्या आत. त्यांनी खरेपणाबद्दल आभार मानले आणि करार परत घेतला.

लीगने मला फक्त समज दिली. इतके सभ्य शब्द होते त्या पत्रात, की शिव्या बऱ्या वाटल्या असत्या. मी दिलेला प्रत्येक खोटा हिट समोरच्या चेंडू टाकणाऱ्याच्या माथी बसतो, हे तर मी विचारातही घेतलं नव्हतं. त्यांतल्या एका मुलाचं नाव निवडीच्या यादीत मागे पडलं होतं. तोही कोणाचा तरी वेदांग आहे.

वेदांग माइन्झला मित्राकडे राहायला गेला. जाताना आईला सांगून गेला, की करार गेल्याचं त्याला वाईट वाटतं, पण त्याहून वाईट याचं वाटतं, की त्याच्या बापालाच त्याच्या बॅटीचा भरवसा नव्हता. मी खालच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकल पुसत होतो. मला वरचं सगळं ऐकू आलं. वर जाण्याचं धैर्य झालं नाही.

लोभ होता तेवढाच राहू द्या, वाढावा असं मी काही केलेलं नाही.

कुमार


सांगली
२६ जुलै २०२५

चि. कुमार यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. त्याच्या आधीच्या रविवारी जिमखान्याने माझा नातवाच्या वतीने सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, मी भाषणही ठोकलं. म्हणालो, आमच्या घरात खेळ आणि खरेपणा एकाच ताटात जेवतात. टाळ्या पडल्या. शाल अजून खुर्चीवर आहे, घडी घालायलाही हात धजत नाही.

आज सकाळी जाऊन मी मंडळींना खरं सांगितलं. त्यांच्यातला वासुदेव म्हणाला, जाऊ दे राजाभाऊ, परदेशातली गोष्ट, इथे कोणाला कळतंय. हे ऐकून जास्तच लाज वाटली. आपलं झाकलेलं राहील असं लोकांनी समजुतीने सांगावं, इथवर मी आलो.

तुला रागवायला बसलो होतो, पण रागावणार कोणत्या तोंडाने? सढळ हाताने दे, हे मीच लिहिलं. ज्या खेळाचा ओ की ठो मला कळत नाही, त्याचा निकाल मी सांगलीत बसून दिला. पंचाने न पाहिलेल्या चेंडूवर बोलू नये, एवढं मला समजायला हवं होतं. शंकेचा फायदा द्यायचा तो परक्याला. आपल्या माणसाच्या बाबतीत शंकाच घ्यायची असते, हे मी तुला शिकवलंच नाही.

वेदांगला माझं तोंड दाखवायची सोय नाही, पण त्याला सांग, की खरेपणा या घरात असलाच तर त्याच्याकडे आहे.

उल्काला काही बोललो नाही. पण तिने आज न विचारता माझ्या आवडीची भरली वांगी केली, म्हणजे तिला कळलंय.

या वेळी मायेचं मीच तुझ्याकडे मागतो.

बाबा


र्युसेल्सहाइम
३ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप बाबांना,
चारुलताचा सा. नमस्कार, वि. वि.

यांनी तुमचं पत्र चार वेळा वाचलं आणि मग मला दिलं, म्हणून लिहिते. बाबा, तुम्ही स्वतःला इतकं लावून घेऊ नका. मीही त्या टेबलाजवळ कॉफी आणि केक विकायला उभी असायची. खेळ मला समजत नाही असं मी सगळ्यांना सांगते, पण इतकी वर्षं त्या गवतावर बसून हातातून सुटलेला चेंडू मला ओळखता येत नाही, असं कसं होईल? मी केक कापत राहिले. मुलाने उचलून फिरवलं तेव्हा हसलेसुद्धा.

वेदांग फोनवर फक्त 'या' नाहीतर 'नाइन', म्हणजे हो नाहीतर नाही, एवढंच म्हणतो. मी मराठीत दहा वाक्यं बोलते, त्याच्याकडून एक जर्मन शब्द येतो. पण डबा पाठवला तर रिकामा करून परत पाठवतो, धुऊन. त्याच्यावर मी सध्या जगते.

हे ऑफिसातून येतात, जेवतात, केलरमध्ये जातात. सायकल आता आरशासारखी झाली आहे. पुढच्या शनिवारी क्लबला दुसरा स्कोअरर मिळत नाहीये. अध्यक्षबाईंनी यांनाच विचारलं, पाहुण्यांचा स्कोअरर शेजारी बसेल या अटीवर. हे नको म्हणाले. तर बाईंनी सांगितलं, की यांचं नाव वेदांगनेच सुचवलंय. का, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून यांना जेवण गोड लागत नाही.

जपून राहा. तुमचा हात आमच्या डोक्यावर हवा आहे, आत्ता नेहमीपेक्षा जास्त.

चारुलता


र्युसेल्सहाइम
१० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांस,
कुमारचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

हे ईमेलने पाठवतो. उल्काने वाचलं तर वाचू दे.

काल मी टेबलावर बसलो. शेजारी पाहुण्यांचा स्कोअरर, एक शांत म्हातारा गृहस्थ. क्लबमधली माणसं नेहमीसारखी गुटन टाग म्हणून गेली, आणि माझी मान काही वर होईना. वेदांग पहिल्या दोन वेळा सरळ बाद झाला. लिहिताना सुटल्यासारखं वाटलं, हे तुम्हाला सांगायलाही शरम वाटते. बाप असून पोरगा बाद झाल्याचा आनंद!

तिसऱ्या वेळी त्याने खणखणीत मारला. त्यांच्या तिसऱ्या बेसवरच्या पोराने अंग झोकून दिलं, चेंडू त्याच्या ग्लोव्हच्या टोकाला लागून दूर निघून गेला. कोणीही हिट म्हटलं असतं. मी एरर दिली. म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, की हा हिट आहे, आणि हे मी म्हणतोय, पाहुणा. मी मान हलवली. फलकावर एरर लागली. त्या पडलेल्या पोराने स्वतः दोन्ही हात वर केले, ही एरर कशी म्हणून.

सामना संपल्यावर वेदांग टेबलापाशी आला. पाच आठवड्यांत माझ्याशी बोलला नव्हता. मला वाटलं, आता ऐकवेल, आणि ऐकायची माझी तयारी होती. त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि जर्मनमध्ये एवढंच म्हणाला, की पापा, तो माझा होता.

आवाज चढवला नाही. लहानपणी शाळेत कोणी त्याचं काही उचललं तर असाच सांगायचा.

निर्णय बदलायला स्कोअररला एक दिवस असतो. मी त्याच्या देखत खोडून हिट लिहिला. म्हाताऱ्याने कागद धरला. वेदांगने वाकून बघितलं, मान हलवली आणि हेल्मेट उचलून गेला. घरी आला नाही, माइन्झलाच गेला. का सुचवलं होतं माझं नाव, ते मी विचारलं नाही.

बाबा, आधी मी त्याला त्याचं नसलेलं दिलं, आणि काल त्याचं असलेलं हिसकावलं. सात वेळा मी बाप म्हणून आंधळा होतो, आठव्या वेळी अपराधी म्हणून. समोर माझा मुलगा बॅट घेऊन उभा होता आणि त्याला म्हाताऱ्याने पाहिलं, त्या पडलेल्या पोराने पाहिलं. मी नाही पाहिलं.

लोभाचं मागणं आज लिहीत नाही. ज्याच्याकडे मागायला हवं, तो माइन्झला आहे. उद्या ऑफिस सुटल्यावर तिकडे जाईन. दार उघडेल का, माहीत नाही.

कुमार