पाण्याची पाळी

अण्णा, शाळेमागच्या त्या उघड्या पट्टीवर आता झाडं आहेत. तुम्ही गेलात तेव्हा तिथं नुसती कुसळं होती. एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला मशीद, समोर महादेवाचं देऊळ. पट्टी तिघांची, म्हणजे कुणाचीच नाही, म्हणून तिघांचाही केर तिकडंच लोटला जायचा. थंडीत तुम्ही खुर्ची टाकून तिथंच कोवळ्या उन्हात वर्ग भरवायचात. आता त्याच शाळेत मी हेडबाई आहे, आणि होळीच्या आधीच तिथली माती तापून पोरांना पाय टेकू देत नव्हती.

देवळाच्या ट्रस्टला तिथं सिमेंटचे ब्लॉक टाकून गाड्या लावायची सोय करायची होती. अध्यक्ष तुमचाच विद्यार्थी. तिथं झाडं लावू दे म्हणून मी त्याच्याकडं एकटी जाऊन आले, मग मशिदीची देखभाल करणाऱ्या चाचांना घेऊन गेले. तेव्हा कुठं तो म्हणाला, "बाई, एक उन्हाळा देतो. झाडं जगली तर जगली, न्हाईतर ब्लॉक टाकनार." मग ठरलं की नमाजाआधी हातपाय धुतात ते वजूचं पाणी गटारात न सोडता टाकीत धरायचं, देवळातल्या हारफुलांचं खत करायचं आणि राखण शाळेनं करायची. कर्जतहून टेम्पोभर रोपं आणली. लिंब, चिंच, करंज. तुमच्या खुर्चीच्या जागी मी मुद्दाम करंज लावला.

चैत्रात पानं पिवळी पडायला लागली. आपल्याकडं झाड मरतं ते तहानेनंच, दुसरं कारण आमच्या डोक्यात येईना. आम्ही आणखी पाणी घातलं. शेवटी मी खुरप्यानं बुंध्याशी उकरलं, तर खाली चिखल, आणि आंबूस वास. चौकशी केली तेव्हा कळलं. पोरं घरी जाताना बाटल्या रोपांवर रिकाम्या करत होती, देवळातल्या गुरवकाकू अभिषेकाचं पाणी आणून ओतत होत्या, चाचा दर नमाजानंतर बादली घेऊन येत होते, आणि माझी झारी वेगळीच. मी तिथंच मातीत बसून हसले, आणि मग घाबरले.

तेव्हा तुमचा कढीपत्ता आठवला. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं आहे, तुम्ही जेवून हात धुताय तेही त्याच्याच बुंध्याशी, चूळ भरताय तीही तिथंच, वर आणखी तांब्या रिता करताय. झाड वाळल्यावर आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "आवो, लई माया केली की मूळ कुजतंय." तुम्ही अपराध्यासारखे हसलात. मला तुमचं ते हसणं फार आवडायचं, अण्णा.

कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीवरून आपल्या गावात डोकी फुटलेली तुम्ही पाहिलीत. आम्ही पाळी लावली ती पाणी घालू नये म्हणून. सोमवार महादेवाचा, बुधवार शाळेचा, शुक्रवार मशिदीचा. चाचा कुरकुरले, "मंग बाकीचे दिवस हात बांधून बसायचं व्हय?" काकू म्हणाल्या, "बसा की. मी बी बसते." दोघंही सकाळी पट्टीकडं बघत ओट्यावर बसायचे, आणि मला ते बघून भरून यायचं.

काही रोपं गेली, पण बरीच तगली. मृग निघाल्यावर अध्यक्ष आला, एकेका रोपाजवळ उभा राहिला. ब्लॉकचं नाव काढलं नाही. जाताना म्हणाला, "कुंपनाचं ट्रस्ट बघंल." मी घरी येऊन तुमच्या फोटोपुढं थोडी रडले.

आज रविवार, पाळी कुणाचीच नाही. हे पत्र खणातच राहणार, म्हणून सांगते. सकाळी तांब्या पदराआड धरून मी तुमच्या करंजापाशी गेले. माती आधीच ओली होती. कुणी घातलं ते विचारलं नाही; तुमच्याकडून पाढे शिकलेली माणसं या आळीत पुष्कळ आहेत. मी माझंही घोटभर ओतलं. आई तिथं तुमच्याजवळच असेल. तिला मात्र सांगू नका.