कच्चं लायसन

आबा, चूक तुमचीच आहे, मी अजून तेच म्हणतो. दहा वर्षांचा होतो, टेम्पोत तुमच्या शेजारी बसून गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, तर तुम्ही पान्हा उचलून बोटांवर मारलात. "हे खेळणं न्हाई. तू साळंला जा." शाळेत मी कुठं टिकलो, सातवीत सुटलीच. तेव्हाच शिकवलं असतंत तर भीती कळायच्या आधी हात बसला असता. तो पान्हा मारलात त्यानंतर चार महिन्यांतच तुम्ही घाटातल्या वळणावर गुळाच्या ढेपांसकट खाली गेलात. तेव्हापासून कुणाच्या गाडीवर मागं बसलो तरी मी डोळे मिटून बसतो.

आता म्हैसूरला असतो, लष्कर मोहल्ल्यात, आपल्याच तालुक्यातल्या शेठच्या सोनं गाळायच्या दुकानात. भट्टीचं काही वाटत नाही. पण शेठ म्हणतात, "कुवेंपुनगरच्या सोनारांकडं माल पोचवायला रोज रिक्षा किती करायची? स्कूटर शीक, दीड हजार वाढवतो. नसंल जमत तर तुझ्या चुलतभावाला बोलावतो, तो कधीचा मागं लागलाय."

म्हणून सोमवारी आरटीओत गेलो. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, पंधरा प्रश्न, वर घड्याळ पळत असतं. कन्नड बोलण्यापुरतं येतं, वाचता येत नाही, म्हणून हिंदी घेतलं. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलीनं माझा हलणारा पाय बघितला. "हेदरबेडी अण्णा," म्हणाली, घाबरू नका, नापास झालं तरी परत देता येतं. तिला काय सांगू, नापासाची भीती नव्हतीच. सातव्या प्रश्नाला पडद्यावर लाल त्रिकोण येतो, आत वाकडा बाण. पुढं वळण. मी बटण दाबतो आणि ते बरोबर येतं. बारा बरोबर आले, आबा. पहिल्यांदाच कशात तरी पास झालो आणि बाहेर पायरीवर बसून राहिलो. आता अडवायला काही उरलंच नव्हतं. कच्च्या लायसनवर मागं पक्कंवाला बसावा लागतो, म्हणजे शेठ बसणार. खिशात लोकांचं सोनं, मागं चार जणांचं पोट भरणारा माणूस, आणि हँडल माझ्या हातात.

दुकानात शिरलो तर शेठ भट्टीपुढनंच म्हणाले, "काय रं, झालास का ड्रायव्हर?"

"नापास झालो."

"मग त्यात नवीन काय केलंस?" हसले, मग हसायचे थांबले. "सोमवारी परत जा. ही शेवटची खेप."

लायसनचा कागद गादीखाली आहे. काढून बघतो, त्यावरचा फोटोसुद्धा घाबरलेला आलाय. तुम्हाला कधी भीती वाटायची का, ते विचारायचं राहूनच गेलं. हे खरं तुम्हालाच सांगतोय, कारण तुम्ही ते शेठला सांगायला येणार नाही. आईला मात्र मी आधीच बोलून बसलो होतो, या महिन्यापासून वाढवून पाठवीन म्हणून. पाठवतोय नेहमीचेच, चार हजार.