मंगळावरच्या घराचा मेन कॉक

आदरणीय भावोजी,

आपणांस वाकून नमस्कार. (कंबरेमुळे वाकणं आता कागदावरच जमतं, तेव्हा पोचला असं समजावं.) ताईचा गुडघा कसा आहे? तिला जिना चढू देऊ नये आणि उतरू तर मुळीच देऊ नये, माणूस पडतो तो उतरतानाच. आपला खोकला गेला का? गेला नसेल तर फोटो काढून घ्यावा (छातीचा). इकडे आम्ही सर्व ठीक आहोत, म्हणजे माझा रक्तदाब, पित्त, झोप आणि डाव्या कानातली शीळ एवढं सोडलं तर. आणखी एक बारीकशी गोष्ट म्हणजे गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी मेलो. तशी वहीत नोंद आहे. माझ्याबरोबर आणखी सहाजण मेले, त्यात आपली भिंगरीही आली. काळजीचं कारण नाही, दुपारी सगळे पोटभर जेवले.

आता हे असं का झालं ते सविस्तर सांगतो, पण त्याआधी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. याचं मूळ आपण आहात. भिंगरी, म्हणजे माझी नात, आठ वर्षांची असताना आपण तिच्या वाढदिवसाला दुर्बीण दिलीत. (मी रेनकोट दिला होता. तो तिनं चार वर्षं वापरला.) आपण शाळेत विज्ञान शिकवत होतात, त्यामुळे आपल्या शब्दाला वजन. गच्चीवर नेऊन आपण तिला तो लाल ठिपका दाखवलात आणि म्हणालात, इथं एक दिवस माणसं राहतील. पोरं अशा गोष्टी दुसऱ्या दिवशी विसरतात. ही विसरली नाही. आज सव्वीस वर्षांची आहे, पाण्याची इंजिनियर आहे, आणि माणसांना मंगळावर राहायला पाठवू म्हणणाऱ्या संस्थेत कामाला आहे. राहायला, भावोजी! बघून यायला नव्हे. परत येण्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणते, "आजोबा, त्यावर काम चालू आहे." मी चाळीस वर्षं प्लंबिंग केलं. "काम चालू आहे" हे वाक्य मी शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवलेलं आहे, आणि त्याचा अर्थ काय होतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

मी सातवीपर्यंतच शिकलो हे आपण मला दर भेटीत सांगता, तेव्हा माझ्याकडून विज्ञानाची अपेक्षा नसावी. पण दुरून डोंगर साजरे एवढं मला कळतं, आणि हा डोंगर तर फारच दूर आहे. तिथं श्वासाला हवा नाही. थंडी अशी की बर्फालाही हुडहुडी भरावी. मातीत विष आहे, म्हणे धुऊन घ्यायची. (माती धुवायची! हे ऐकून आमची ही दोन दिवस हसत होती.) जायला सात महिने. इथून "कशी आहेस" असं विचारलं तर उत्तर यायला कधी कधी पाऊण तास लागणार. आमच्या हिला त्याचं काही वाटत नाही, कारण ती बोलायला लागली की पाऊण तास उत्तराची गरजच नसते. मी मात्र भिंगरी भाजी आणायला गेली तरी दोनदा खिडकीत जाऊन येतो, माझं काय होणार? आणि पाणी! ते लोक आपलंच पाणी, कळलं ना कुठलं, गाळून पुन्हा पिणार आहेत. भिंगरी हे अभिमानानं सांगते. भावोजी, ती दोन पाणी एकमेकांपासून लांब ठेवण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याच नातीनं ती एकत्र आणायला पदवी घेतली.

शिवाय राहणार कोण, तर माणसंच ना? आमच्या इमारतीत पाण्याची टाकी कुणी धुवायची यावर दुसरा मजला आणि तिसरा मजला नऊ वर्षं बोलत नाहीत. मधल्या जिन्यात एक चप्पल पडली आहे, ती कुणाची यावर मीटिंग झाली, चप्पल अजून तिथंच आहे. ही जात उठून दुसऱ्या ग्रहावर जाणार आणि तिथं गुण्यागोविंदानं नांदणार. इथली चप्पल उचलवत नाही आणि म्हणे ग्रह उचलून धरू.

असो. मूळ मुद्दा राहिला. गावाबाहेर एका रिकाम्या गोदामात त्यांनी मंगळावरच्या घराची नक्कल बांधली आहे. पालथ्या कढईसारखं पांढरं घर, आत सहा खोल्या, खोली म्हणजे आमचं स्वयंपाकघरातलं कपाट आडवं केलं तर होईल तेवढी. सहाजणांनी त्यात एक वर्ष कोंडून घ्यायचं. जे टिकतील त्यांची नावं खऱ्या यादीत. भिंगरी त्या सहांत आहे, आणि घरातल्या पाण्याचं सगळं काम तिच्याकडे. कोंडून घेण्याआधी घरच्यांच्या मनातली भीती जावी म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या एका नातेवाइकाला, एकेकाला वेगळ्या दिवशी, एक दिवस आत ठेवायचं ठरवलं. भिंगरीनं मला नेलं. भीती जाणारच असेल तर माझ्यात भरपूर आहे, असा तिचा हिशेब असावा.

आत गेल्यावर मला एका तिवईवर बसवलं आणि कशालाही हात लावू नका म्हणून सांगितलं. मी बसलो. दहा मिनिटं गेली. आणि मग मला ते ऐकू आलं. टप्. आपण माझ्या डाव्या कानावर जाऊ नका, उजवा अजून शाबूत आहे. मोरीतला नळ गळत होता. सहा शिकलेली माणसं आसपास वावरत होती, कुणी दिव्याखाली रोपं मोजतंय, कुणी नाडी मोजतंय, आणि थेंब कुणीच मोजत नव्हतं. जिथं घोटभर पाण्यासाठी मातीतला बर्फ वितळवायचा, तिथं टप्! मी उठलो. खिशात वॉशर होता (तो कायम असतो, आपल्याकडच्या लग्नातही होता). पण नळ उघडायचा तर आधी मेन कॉक, म्हणजे घराचं सगळं पाणी तोडणारी चावी, बंद करायला हवा, ही माझी चाळीस वर्षांची शिस्त. मी पाइपच्या मागोमाग बोट फिरवत निघालो. पाइप भिंतीतून बाहेर गेला. भिंतीला एक दार होतं, त्यावर लाल पट्टी आणि खूपसं इंग्रजी. मी कडी काढली, चपला घातल्या, बाहेर गेलो आणि कॉक बंद केला. दार उघडंच ठेवलं, लगेच तर यायचं होतं.

आत येतो तो भोंगा वाजतोय, सगळे दिवे लाल. मला वाटलं, चहा झाला. चष्मेवाले साहेब, म्हणजे तिथले सर्वांत मोठे, धावत आले. म्हणाले, "आजोबा, तुम्ही हवा नसलेल्या ग्रहावर टोपीसुद्धा न घालता बाहेर गेलात आणि दार उघडं टाकलंत. तुम्ही सगळ्यांना मारलंत!"

मी म्हणालो, "नळ थांबला की नाही?"

नियम म्हणजे नियम, त्यांनी घड्याळ बघून वहीत सात मयत लिहिले. नाडीवाली डॉक्टरीणबाई स्वतः मेलेली असून माझा रक्तदाब बघायला आली. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण साहेबांचा तो चेहरा बघून माझी जीभ सुटली. म्हटलं, साहेब, मारलं मी नाही. घराचा मेन कॉक घराबाहेर ठेवणाऱ्यानं मारलं. तिथं आतला पाइप फुटला तर तो बंद करायला बाहेर कोण जाणार? टोप, कपडे चढवायला तुम्हाला तास लागतो. तोवर आत पोहायला शिकायचं का?

साहेब थांबले. भोंगाही थांबला. त्यांनी नकाशा मागवला आणि हळू आवाजात विचारलं, "हे कुणी काढलंय?" भिंगरी पुढे आली. म्हणाली, "मी."

भावोजी, तेव्हा मला आठवलं. ही सहा वर्षांची होती, सुट्टीत माझ्याबरोबर कामाला यायची, मोरीखाली बॅटरी धरून बसायची. मी विचारायचो, नळाला हात लावण्याआधी काय? आणि ती टुणकन उठून म्हणायची, बाहेर जाऊन मेन कॉक बंद! मी सांगायच्या आत दाराबाहेर पळायची. पोरीनं आयुष्यात आतला कॉक बघितलाच नव्हता. मी शिकवलं तसंच तिनं मंगळावर काढलं.

आता मी फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. साहेब तिचं नाव कापणार हे दिसत होतं. पोर घरी, मी घरी, मंगळ त्याच्या घरी. आयता घास! आणि मी काय केलं? मी म्हणालो, "साहेब, चूक आधी हिच्याच लक्षात आली. आजोबा, कॉक बाहेर राहिलाय असं वाटतंय, एकदा येऊन बघा, असं मला हीच म्हणाली. म्हणून तर मी आलो." साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग तिच्या नावापुढे लिहिलं, दोष वेळेत लक्षात आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बस थांब्याकडे जाताना ती म्हणाली, "आजोबा, खोटं का बोललात?" मी म्हटलं, कंबर दुखतेय, हळू चाल.

तेव्हा आता सगळी भिस्त आपल्यावर. नाव मागे घ्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. माझं ती ऐकत नाही, आपलं ऐकते. आपण तिला एक कडक पत्र लिहावं, की माणसानं दुसऱ्या ग्रहावर राहणं शक्य नाही, मी तेव्हा गच्चीवर चुकीचं बोललो. दुर्बीण आपण दिलीत, आता ती आपणच काढून घ्यावी. ताईला नमस्कार. जिना विसरू नये.

आपला,
मयत मेहुणा

ता. क. आपण माझा अठरा इंची पाना गच्चीवरच्या टाकीसाठी नेला होतात, तो कृपया येणाऱ्या माणसाबरोबर ताबडतोब पाठवावा. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. साहेबांनी सोमवारी कॉक आत घ्यायला बोलावलंय. मी तीनदा नाही म्हणालो, मग किती वाजता यायचं ते विचारलं. तिथल्या पोरांकडे पाने आहेत, पण ते दात घासायच्या ब्रशाएवढे.

ता. क. दुसरा. पाना तेलात बुडवून ठेवला नसेल तर ठेवावा. कॉक मी मोरीच्या डाव्या अंगाला, खाली बसवणार आहे. तिथल्या बाकीच्यांना वाकावं लागेल, वाकू देत. आपली पोर बुटकी आहे आणि डावखुरी, अंधारातही तिचा हात पहिला तिथं जायला हवा.

ता. क. तिसरा. ते कडक पत्र लिहू नये. लिहिलं असल्यास टाकू नये. मंगळावर माणसानं राहणं शक्य नाही हे माझं मत कायम आहे, फक्त ते तिला कळवायची गरज नाही. दुर्बीण तिनं माझ्याकडे ठेवली आहे. त्यातून कुठल्या बाजूनं बघायचं तेवढं कळवावं.