दारातल्या मोगऱ्याची व्यवस्था

मी, धोंडप्पा विरूपाक्ष हालकुडे, वय एकाहत्तर, धंदा माळीकाम (कॉलेजच्या बागेतून निवृत्त, घरच्या बागेतून नाही), राहणार लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारी एकच होती, माझी पत्नी लक्ष्मम्मा. ती तीन वर्षांपूर्वी लिंगैक्य झाली.

१. राहते घर मुलगा अमरेश याला. त्याला अंगणात फरशी घालून गाडी लावायची आहे. घालू दे. बेलाच्या झाडाला मात्र हात लावू नये. सोमवारी अर्धी गल्ली पानांसाठी आपल्याच दारात येते.

२. बँकेतली शिल्लक आणि लक्ष्मम्माच्या पाटल्या मुलगी मंजुश्री, राहणार नांदेड, हिला. आईचे शेवटचे आजारपण तिने काढले. वाद नको.

३. खुरपी, विळा आणि झारी कॉलेजच्या बागेला. शिवाय एक बशी आहे, पंपाच्या खोलीतल्या कोनाड्यात. सकाळी गुलाबाच्या वाफ्यात पाणी सोडायचे आणि बांधावर उकिडवे बसून बशीतून चहा प्यायचा, हे सुख मी एकतीस वर्षे घेतले. नव्या माळ्याने ते घ्यावे. कपाने ते येत नाही.

४. अंगद दगडोबा सुरवसे, माझ्या हाताखालचा माळी, याला काहीही नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे वकील मनिषाताई म्हणाल्या. म्हणून मी मुद्दाम त्यालाच साक्षीदार केले आहे. सही करताना त्याने हे कलम मोठ्याने वाचावे.

कारण लिहितो. मी माती चाळून, शेणखत मुरवून रोप लावणार; अंगद वाळकी काडी खोचणार आणि तिला पालवी फुटणार. पाहुणे आले की माझ्याच वाफ्यासमोर विचारणार, "हे अंगदनं लावलं का?" मी हसायचो आणि आतून जळायचो. बागेला बक्षीस म्हणून शाल मिळाली, ती फोटोत त्याच्या खांद्यावर आहे. फोटोत माझे कोपर आहे.

हेही गिळले असते. पण लक्ष्मम्माला मोगरा हवा होता. मी मुरुडहून रोप आणले, दाराशेजारी लावले आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. पाने एवढी की भिंत दिसेना. चार वर्षांत फूल मात्र एक नाही. मोगऱ्याला बहराआधी ताण द्यावा, पाणी तोडावे, हे मीच लोकांना शिकवायचो. तिच्या झाडाला मात्र माझ्याने तहानलेले ठेववेना.

एका पौषात मी पंधरा दिवस मंजुश्रीकडे गेलो. परत आलो तर झुडपाचा खराटा झालेला. फांद्या छाटलेल्या, पाने काढलेली, मुळांवरची माती उकरलेली. अंगद ओट्यावर बसला होता.

"आप्पा, रागावू नका. वैनींनीच बोलावलं. तुम्ही लई लाड केले, झाड नुसतं पानंच धरून बसलंय. जरा तहानू द्या त्याला."

"माझ्या दारात तुझी कात्री कशी चालली?"

लक्ष्मम्मा म्हणाली, "त्याची कशाची? तुमचीच हाय. म्या दिली."

त्यानंतर दोन वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. कामे पंपाच्या खोलीतल्या फळ्यावर लिहायचो. छाटणीनंतरच्या पहिल्याच चैत्रात मोगरा असा फुलला की ओंजळी पुरेनात. लक्ष्मम्मा गजरा माळून गल्लीभर सांगत फिरली, "अंगदभाऊचा मोगरा हाय." रोप माझे, माती माझी, पाणी माझे, बायको माझी आणि मोगरा अंगदचा! हा सल अजून बोचतो.

५. आता मोगऱ्याचे. फरशी दारापर्यंत येणार, म्हणजे तो निघणारच. ती गेल्यापासून छाटणी मीच करतो, पाणीही तोडतो, पण चौथ्या दिवशी हात आपोआप झारीकडे जातो. यंदा सात फुले आली. सातही तिच्या समाधीवर नेली. एवढीच पाहून तिने ओळखले असेल की ही माझ्या हातची आहेत.

मंजुश्री तिसऱ्या मजल्यावर राहते. कॉलेजात लावला तर पोरे कळ्याच तोडतील. तीन दिवस विचार केला. जुने झाड मुळासकट हलवून जगवेल असा लातुरात एकच हात मला माहीत आहे. हे लिहितानाही मला त्याचा हेवा वाटतो, आणि मेल्यावरही वाटेल.

तरी मोगरा आणि माझी छाटणीची कात्री अंगदला द्यावी. पहिला गजरा लक्ष्मम्माच्या समाधीवर वाहावा. कोणी विचारले तर "धोंडप्पाचा मोगरा" म्हणावे. एकदा म्हटले तरी चालेल.

स्थळ : लातूर
दिनांक : १९ जून २०२४
सही : धों. वि. हालकुडे

साक्षीदार :
१. चन्नबसप्पा कोरे, किराणा दुकानदार, शेजारी (सही)
२. शरणम्मा मिटकरी, सोमवारी बेल नेणारी शेजारीण (सही)

खोडाखोडीचा खुलासा : साक्षीदार क्रमांक दोनवर आधी अंगद दगडोबा सुरवसे हे नाव होते. ते मी स्वतःच्या हाताने खोडले आहे.
सही : धों. वि. हालकुडे