निम्मं काम करणारं पिस्तूल

नवी पेठ, सोलापूर
ता. ९ डिसेंबर १९७३

तीर्थस्वरूप बसवराज दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचे, म्हणजे मल्लिकार्जुनाचे, शरणु शरणार्थी. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. हे वाक्य एरवी मी रिवाज म्हणून लिहितो. आज ते खरं आहे म्हणून लिहितोय, आणि त्यात 'सर्व' म्हणजे माढ्याकडची एक म्हातारीसुद्धा धरली आहे. (ती कोण ते पुढे येईल. घाई करू नका, तुम्ही पत्राचा शेवट आधी वाचता असं रत्नक्का सांगते.) तुमचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला बांधता की अजून त्या अक्कलकोटच्या वैद्याच्या गोळ्याच चालू आहेत? रत्नक्काच्या खोकल्याला ज्येष्ठमध पाठवला होता, तो पोचला का, हेही कळवा.

आता मूळ विषय. गेल्या वर्षी श्रावणात बार्शीचा एक चांदीवाला बाजार करून येताना लुटला गेला, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याची पेटी गेली आणि पुढचे दोन दात गेले. ती बातमी वाचून तुम्ही मला चार पानी पत्र लिहिलंत: 'मल्लिकार्जुना, तू पेटीभर चांदी घेऊन खेडोपाडी हिंडतोस, आणि तुझ्या कमरेला काय? करदोरा!' त्याखाली तुम्ही लाल शाईनं दोन रेघा मारल्या होत्या. पुढे तुमचा सल्ला असा, की रिव्हॉल्व्हर नको, ते जुनं झालं, घ्यायचं तर सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूलच घे. दाजी, तुम्ही जन्मभर शाळेत भूगोल शिकवलात, गोफणसुद्धा कधी हातात धरली नाहीत, पण तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. कलेक्टर कचेरीत चौदा महिने खेटे घातले आणि परवाना मिळवला. मिळाल्यावर कारकुनानं सांगितलं, 'मुदतीत हत्यार घेतलं नाही तर हा रद्द.' म्हणजे चौदा महिने त्यांनी सावकाश घ्यायचे आणि घाई मी करायची.

पैसे होते पंधराशे. फौजदार चावडीच्या अलीकडे मानसिंग बंदूकवाल्यांचं दुकान आहे, तिथे गेलो. हेमावती बरोबर आली. (मी नेली नाही. ती आली. भांड्यांपासून चपलेपर्यंत मला प्रत्येक दुकानदार फसवतो असं तिचं लग्नापासूनचं मत आहे, आणि ते मला खोडता आलेलं नाही.) मानसिंगांनी आधी एक बेल्जियमचं पिस्तूल दाखवलं. काय सुरेख वस्तू! हातात घेतल्यावर मला वाटलं आपण उंच झालो. किंमत विचारली तर साडेचार हजार. परदेशी माल यायचा बंद झाल्यापासून जे आहे ते जुनंच, कुणा साहेबाच्या नाहीतर संस्थानिकाच्या घरून आलेलं, आणि भाव मात्र चढतच चाललाय, असं त्यांनी सांगितलं. मी उंच होणं थांबवलं आणि बजेट सांगितलं. त्यांनी दोन रिव्हॉल्व्हरं पुढे सरकवली. 'शेठ, पंधराशेत ही घ्या. साधं काम, अडकायची भीती नाही.' पण मी तुमची लाल रेघ आठवून म्हणालो, नाही, सेमी-ऑटोमॅटिकच पाहिजे.

ते शब्द ऐकून हेमावतीनं त्यांचा अर्थ विचारला. मानसिंग समजावून सांगायला लागले, 'वहिनी, पहिल्या गोळीला वरचा भाग हातानं मागं ओढायचा. पुढं प्रत्येक वेळी चाप तेवढा तुम्ही ओढा, रिकामं काडतूस फेकणं आणि नवं भरणं ते आपोआप करतं. म्हणजे निम्मं काम त्याचं.'

'मग निम्म्या कामाला सगळे पैसे कशाला?' हेमावती म्हणाली.

मानसिंगांचं घराणं तीन पिढ्या हत्यारं विकतं आहे, पण हा प्रश्न त्यांच्या आजोबांनाही कुणी विचारला नसावा. त्यांनी खालच्या फडताळातून फडक्यात बांधलेलं एक स्पॅनिश पिस्तूल काढलं. बेल्जियमचीच नक्कल, पण नक्कल करणाऱ्याला घरी जायची घाई असावी असं दिसत होतं. हेमावतीनं ते बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, माठ वाजवतात तसं, आणि म्हणाली, 'खुळखुळतंय.' मानसिंगांनी प्रामाणिकपणे कबूल केलं की मुठीत गोळ्यांची जी चपटी डबी बसते तिची खिटी जरा सैल आहे. स्प्रिंग मिळाली की बसवून देतो. त्या खिटीपायी त्यांनी दीडशे कमी केले. तेराशे पन्नासला पिस्तूल झालं, वर पंचवीस गोळ्या आल्या. आपण सौदा जिंकला अशा चालीनं मी दुकानाबाहेर पडलो.

चाचणी गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत, मानसिंगांच्या देखत झाली. पहिल्याच गोळीला वरचा भाग मागे येऊन माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात चावला, आणि दुसऱ्या गोळीचं तापलेलं रिकामं काडतूस उडून माझ्या सदऱ्याच्या गळ्यातून आत गेलं. त्यानंतर मी जे केलं त्याला मानसिंग 'नाच' म्हणतात. तिसरी गोळी मी झाडली नाही. मग महिनाभर पिस्तूल घरात होतं आणि माझी झोप घरात नव्हती. उशीखाली ठेवलं तर मान अवघडायची, कपाटात ठेवलं तर मुलांची भीती. एकदा ज्वारीच्या कणगीत ठेवलं आणि मग आठवेना कुठल्या कणगीत. घरातली सगळी ज्वारी उपसली. हेमावतीनं सूप आणून माझ्या हातात ठेवलं. ती सगळी मी पाखडून परत भरली.

दाजी, आता पुढचं नीट बसून वाचा. मी ते अजून हसत सांगू शकत नाही.

गेल्या मंगळवारी माढ्याचा बाजार करून मी भाड्याच्या जीपनं परत येत होतो. दस्तगीर ड्रायव्हर पुढे, मी त्याच्या शेजारी, पेटी पायाशी, पिस्तूल कमरेला. दिवेलागण होऊन तास उलटलेला. दोन्ही बाजूंना ऊस. एका वळणावर एकदम दोन माणसं रस्त्यात आली. एकाच्या हातात कुऱ्हाड, दुसऱ्याच्या हातात विळा, दोघांनीही हात वर केलेले आणि दोघंही ओरडत होती. (दरोडेखोरच हात वर करून येतात, यात काही चुकतंय, हा विचार मला त्या वेळी सुचला नाही.) दस्तगीरनं करकचून ब्रेक लावला. मला समोर बार्शीवाल्याचे दोन दात दिसले. मी खाली उडी मारली, पिस्तूल काढलं आणि विळ्यावर रोखलं.

'सेठ, क्या करते जी! बुड्ढी है उने!' दस्तगीर ओरडला.

तोपर्यंत मी चाप ओढला होता.

आवाज आला तो 'टप्प'. मुठीतली गोळ्यांची डबी निसटून डांबरावर पडली होती. वरचा भाग मागे ओढायचा तर मी साफ विसरलोच होतो. तेव्हा नळीत गोळी नव्हती आणि हातात नुसतं लोखंड होतं. समोर डोईवर पदर घेतलेली सत्तरीची एक बाई उभी होती. ती पुढे झाली, वाकली, डबी उचलून पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

'तुमची डबी पडली की, सायेब. तपकिरीची हाय व्हय?'

तिचा मुलगा कुऱ्हाड खाली टाकून म्हणाला, 'आवं, फुडं पूल खंदून ठिवलाय. लाल कंदील कुनीतरी न्हेला चोरून. सांजंला येक बैलगाडी पडली, बैलाचा पाय मोडला. तवापासनं मी न् आई हितं हुबं हाय, गाड्या आडवत.'

दस्तगीर चालत पुढे जाऊन बघून आला. दोन पुरुष खोल खड्डा, खाली दगड. आमची जीप त्याच्यापासून शंभर पावलांवर होती. परत आल्यावर तो रस्त्याकडेला नुसता बसला आणि त्यानं विडी तीनदा उलटी पेटवली. मी तर त्याच्या आधीच बसलो होतो.

त्या मायलेकरांची नावं मुक्ताबाई आणि धोंडीराम. त्यांची वस्ती जवळच होती. धोंडीराम रस्त्यावर थांबला आणि मुक्ताबाईनं आम्हाला घरी नेऊन बिनदुधाचा, लई गुळाचा चहा दिला. मी दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला. शेवटी मी तिच्यापुढे हात जोडले आणि सांगून टाकलं, 'आजी, ती तपकिरीची डबी नव्हती. मी तुमच्यावर पिस्तूल चालवलं होतं.'

तिनं चुलीत एक काटकी सारली. 'मग वाजलं कसं न्हाय?'

'बिघडलेलं आहे.'

'मग ठिवून द्या की घरी. वाजत न्हाय तर उगं वझं कशाला वागवताय?'

आणि तिनं माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला. दाजी, मी एकेचाळीस वर्षांचा माणूस, दुकानाचा मालक. त्या चुलीपुढे बसून हुंदके देऊन रडलो. ती पाठीवर हात फिरवत राहिली. तिला वाटलं, मी बिघडलेल्या पिस्तुलासाठी रडतोय. साडेचार हजार असते तर मी ते बेल्जियमचं घेतलं असतं, त्याची सवय होईतो रोज खाणीत गेलो असतो, आणि आज हे पत्र तुम्हाला जेलमधून आलं असतं. गरिबीचे उपकार असतात असं कीर्तनात ऐकलं होतं, हिशेबानिशी पटलं ते आता.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल मानसिंगांकडे जमा केलं, कागदावर तशी नोंद करून घेतली आणि घरी येऊन दहा तास झोपलो. यापुढे चांदी दस्तगीरच्या जीपमधून, दिवसाउजेडी आणि आणखी दोन व्यापारी सोबतीला घेऊन जाईल. मन कापसासारखं हलकं झालं आहे. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि लाल शाईची दौत कृपा करून कुणाला तरी देऊन टाका.

आपला,
मल्लिकार्जुन

ता. क. खड्ड्याची आणि पिस्तुलाची हकीकत अक्काला सांगू नका. ज्वारीची सांगा.

ता. क. २. सोबत एक छापील फॉर्म जोडला आहे. 'अर्जदाराच्या घरी भांडणतंटा नाही व तिचा पतीशी चांगला सलोखा आहे' असं दोन प्रतिष्ठित नातेवाइकांनी लिहून द्यायचं असतं. तिथे सही करून उलट टपाली पाठवा. होय, 'तिचा'च. परवाना आता हेमावतीला हवा आहे. ती म्हणते, हत्यार वाईट नव्हतं, माणूस चुकीचा होता. तिनं मानसिंगांशी भावही ठरवला आहे.

ता. क. ३. सलोखा चांगला आहे, हे जरा ठळक अक्षरात लिहा. ती इथेच शेजारी उभी राहून वाचते आहे.