मनगटावरचं बोट

३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू बाळंतपणं करून निवृत्त झालीस आणि मी तुझी गादी चालवायला निघाले, पण गादी टोचतेय. आमच्या प्रसूती वॉर्डात बाळाच्या ठोक्यांचा कागद यंत्रातून सरकत असतो. रेघ जरा खाली गेली की मी डॉक्टरांना हाक मारते. गेल्या महिन्याभरात तीनदा मारली, तिन्ही वेळा बाळ ठणठणीत. आता मोठ्या सिस्टर मला भागूबाई म्हणतात. म्हणून ठरवलंय, कागद अगदीच बिघडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

वहिनीचे दिवस भरत आलेत. दादा आत्तापासूनच घामाघूम. तू ये ना. आमच्याकडे कुणी बाळंत व्हायचं म्हटलं की नेमका तुझा गुडघा दुखतो, असं आई म्हणते आणि विषय बदलते.

रागाव, पण पत्र पाठव.
तुझी भाची

८ मार्च

चि. भागूबाईस अ. उ. आ.

नाव झकास आहे, सोडू नकोस. तीन हाका फुकट गेल्या तर डॉक्टरांच्या चपला झिजल्या, एवढंच. आणि कागद छान दिसतो तेव्हाही बाळाच्या आईच्या मनगटावर बोट ठेवत जा.

का, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. दादाच्या आधी तुझ्या आईला झालेला मुलगा जन्मतःच गेला, एवढंच तुला ठाऊक आहे. त्या बाळंतपणात तिच्या पोटाला नळी लावून मी ऐकत होते. ठोके छान, नियमित. तासभर तिला सांगत राहिले की बाळ मजेत आहे. ते ठोके तिचे स्वतःचे होते. कळा देणाऱ्या बाईची नाडी पळते, ती बाळाची वाटते. शेवटी तिचं मनगट धरलं तेव्हा कळलं, पण फार उशीर झाला होता.

तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर माझा गुडघा केव्हाच बरा झाला असता. तिला हे सांगायचं का, ते तू ठरव. माझ्याच्याने होत नाही.

वहिनीला जप, स्वतःही जेवत जा.
तुझी मावशी

१५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी आत्या झाले. मुलगी आहे, आवाज दादावर गेलाय.

परवा दुपारी आमच्याच वॉर्डात वहिनी जोर करत होती. कागद नुसता बघत राहावा असा, दर कळेला आकडा वर चढायचा. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आज भागूबाईला सुट्टी. मला तुझं पत्र आठवलं आणि मी वहिनीच्या मनगटावर बोट ठेवलं. यंत्रातला ठोका आणि बोटाखालचा ठोका एकच होता. चौथ्यांदा हसं होईल असं वाटलं, तरी हाक मारली. डॉक्टरांनी पोटावरचा पट्टा सरकवून बाळाचे खरे ठोके शोधले, तर ते जेमतेम सत्तर, हवेत त्याच्या निम्मे. पाच मिनिटांत त्यांनी पोरीला बाहेर काढलं. पाठ चोळल्यावर ती रडली, मग मी रडले.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ पोरीचे पाय चोळत बसली. मग म्हणाली की तिला तेव्हाच कळलं होतं. तू मनगट धरलंस आणि तुझा चेहरा पडला, तो तिने पाहिला होता. बोलली तर तू येणं सोडशील, या भीतीने ती बोलली नाही. आणि तू तर येणं सोडलंसच.

दादा शनिवारी तुला न्यायला येतोय. जिन्याचं निमित्त नको म्हणून आईने तुझं अंथरूण खालच्या खोलीत घातलंय, तिच्या शेजारी.

वाट बघतोय सगळे.
तुझीच,
भागूबाई